पेल्टोलाबाईंसाठी चौऱ्याऐंशी अर्ज

न्यायालयाचं पाकीट फोडून पेल्टोलाबाईंनी आतला कागद वाचला, आणि सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना मनापासून बरं वाटलं. मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेआठ वाजता ज्युरीच्या निवडीसाठी हजर राहावं, निवड झाल्यास खटला आठवडाभर चालण्याची शक्यता आहे, असं त्यात लिहिलं होतं. आठवडाभर! बाईंनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला. कॉपर बेंड गावात हे समन्स ज्याला येतं तो सुटायच्या युक्त्या शोधायला लागतो. बाईंनी मात्र ते फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलं, जवळच्या घरातल्या लग्नाचं आमंत्रण लावावं तसं.

मार्लिस पेल्टोला गेली सव्वीस वर्षं आठवीला अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होत्या. चार तुकड्या, एकेका तुकडीत एकवीस मुलं. वरच्या कार्यालयातून आलेल्या वेळापत्रकाप्रमाणे फेब्रुवारीअखेर देश यादवी युद्ध संपवून रेल्वे बांधायला लागलेला असायला हवा होता. बाईंचा देश अजून १७८७ सालात, फिलाडेल्फियाच्या बंद खोलीत राज्यघटनेवर वाद घालत बसला होता. त्यात बाईंचा दोष नव्हता. अकरा दिवस बर्फात गेले होते, सहा चाचणी परीक्षेत, दोन फोटो काढण्यात, आणि आगीच्या कवायतीत किती गेले ते कोणी मोजलंच नव्हतं. दर कवायतीनंतर मुलं आत येऊन बूट झटकायची, आणि तेवढ्यात तास संपायचा.

"अगं, सुटण्याची युक्ती मी सांगते ना," स्टाफरूममध्ये गणिताच्या बॉनी सिकोरा म्हणाल्या. "वकिलाने विचारलं की सांगायचं, मला माणसाच्या तोंडावरूनच कळतं तो चोर आहे की नाही. दोन मिनिटांत घरी."

"मला सुटायचंच नाहीये."

बॉनीबाईंच्या हातातलं सँडविच तोंडाशी थांबलं.

"बॉनी, तिथे खुर्चीत बसायचं असतं," पेल्टोलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दिवसभर. बोलायचं दुसऱ्यांनी. कोणी मध्येच बोललं तर त्याला गप्प करायला वेगळा माणूस ठेवलेला असतो, आणि तो माणूस मी नसते. जेवायला पूर्ण एक तास. आणि बाथरूमला जायचं असेल तर, ऐक, नुसता हात वर करायचा, की अख्खं न्यायालय थांबतं."

बॉनीबाईंनी सँडविच खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "खटला कसला आहे?"

"कोणी तरी कोणाची तरी मासे धरायची खोपी चोरली. गोठलेल्या तळ्यावरून, आतल्या शेगडीसकट ओढून नेली म्हणे."

"त्याला आठवडा लागतो?"

"लागू दे की," बाई म्हणाल्या. "घाई कोणाला आहे?"

घाई मुख्याध्यापक ऑडेट यांना होती. बातमी कळली तसे ते मधल्या सुट्टीत धापा टाकत वर्गात आले.

"पेल्टोलाबाई, तुम्ही जाऊ शकत नाही. सगळ्या जिल्ह्यात बदली शिक्षक म्हणून एक टकर उरलेत."

टकर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, जन्मभर छपराला लावायचा पत्रा विकलेला, आणि माणूस म्हणून अतिशय सज्जन. मागच्या खेपेला त्यांनी तीन दिवस सगळ्या तुकड्यांना ज्वालामुखीची एकच फिल्म दाखवली होती. धडा स्वातंत्र्ययुद्धाचा होता.

"तुम्ही असं करा," ऑडेट म्हणाले, "आरोपीला ओळखते म्हणून सांगा."

"पण मी ओळखत नाही."

"मग ओळख करून घ्या! अजून दोन आठवडे आहेत."

"सर, ज्युरीत बसणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. मी सव्वीस वर्षं मुलांना हेच सांगत आलेय."

"ते बरोबर आहे हो," ऑडेट काकुळतीला येऊन म्हणाले, "पण ते शिकवण्यापुरतं."

पेल्टोलाबाई बधल्या नाहीत. उलट त्यांनी चारही तुकड्यांना ते समन्स दाखवलं, त्यावर अर्धा तास बोलल्या, आणि बोलताना त्यांचा आवाज इतका प्रसन्न होता की मुलं जरा घाबरलीच.

पण सुट्टी मिळवणं शिक्षकाला सुट्टीपेक्षा महाग पडतं. पाच दिवस आपण नसणार, म्हणजे पाच दिवसांचा प्रत्येक तास टकरांसाठी लिहून ठेवायला हवा: काय वाचायचं, काय विचारायचं, कोणाला कोणाशेजारी मुळीच बसू द्यायचं नाही, प्रोजेक्टरची वायर कुठे आहे आणि ती का लपवली आहे. बाई शाळेत लिहायच्या, घरी लिहायच्या, जेवताना डाव्या हाताने चमचा धरून उजव्या हाताने लिहायच्या. एका गुरुवारी त्यांनी फळ्यावरचा मार्कर कॉफीत बुडवून ढवळला आणि ती कॉफी प्यायल्या. पहिल्या बाकावरच्यांनी पाहिलं. कोणी हसलं नाही. त्यावरून आपण कसे दिसत असू याचा बाईंना अंदाज आला.

त्याच धांदलीत घटनेतल्या पहिल्या दुरुस्तीचा धडा आला.

"या दुरुस्तीने पाच हक्क दिलेत. पाचवा कोणता?"

रेडिएटर खडखडला.

"सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा," बाईच म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने एक पत्र लिहायचं. खऱ्याखुऱ्या अधिकाऱ्याला. आपलं म्हणणं काय, ते का, आणि त्यांनी नेमकं काय करावं. नुसतं रडगाणं नको."

ओटिस कोरहोनेनचा हात वर गेला. ओटिस हा अशा मुलांपैकी होता, की जो प्रश्न विचारताना उभा राहतो आणि पँट वर ओढतो. पुढे हा वकील होणार, असं बाईंना वाटायचं, आणि त्या विचाराने त्यांना दमायला व्हायचं.

"बाई, पत्र खरंच पाठवायचं?"

बाईंच्या डोक्यात तेव्हा टकरांच्या सूचनांचं एकोणिसावं पान चाललं होतं. "पाठवा की. घटनेने हक्क दिलाय. मी कोण अडवणार?"

"न्यायाधीश चालतील?"

"चालतील. तेही सरकारच."

"बाई, सगळ्यांनी मिळून एकच म्हणणं मांडलं तर?" दुसऱ्या कोणी तरी विचारलं.

"मांडा, पण पत्र ज्याचं त्याचं हवं."

शेवटच्या बाकावर मर्सी बेलांजेने हूडीची टोपी कपाळावरून जरा मागे सारली आणि पुन्हा पुढे ओढली. सप्टेंबरपासून तिने एकही गृहपाठ दिला नव्हता. पण आज टोपी हलली, हेही काही कमी नव्हतं.

शुक्रवारी बाईंच्या टेबलावरचा गृहपाठाचा ट्रे रिकामा होता.

एरवीही तो काही ओसंडून वाहत नसे. चौऱ्याऐंशीपैकी तीस-चाळीस कागद यायचे, त्यातले दोन ओले. पण एकही नाही, असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. बाईंनी ट्रे उचलून खाली पाहिलं. रागवायला हवं होतं, पण रागवायलाही अंगात काही तरी लागतं. त्यांनी गुणांची वही उघडली आणि एका खाली एक चौऱ्याऐंशी शून्यं लिहिली. पन्नासाव्या शून्याच्या सुमारास त्यांना वाटलं, आपण इतकी वर्षं नेमकं करत काय होतो? साठाव्याच्या पुढे त्यांना काही वाटेनासं झालं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी टकरांसाठीची एकतीस पानं टाचणी मारून टेबलावर ठेवली, वर वायर कुठे आहे त्याची चिठ्ठी लावली, आणि घरी गेल्या.

सोमवारी न्यायालयात चाळीस माणसं जमली होती. पेल्टोलाबाईंनी कादंबरी आणली होती, लोकरीची शाल आणली होती, आणि थर्मासमध्ये कॉफी. खुर्चीला हात होते. त्यांनी दोन्ही हात त्या हातांवर ठेवले आणि डोळे मिटले.

न्यायाधीश ड्रिस्कॉल या साठीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, ज्युरीत बसायला कोणाची काही अडचण? बत्तीस हात वर गेले. एकाची कंबर धरली होती. एकीच्या काकू वारल्या होत्या. एकाच्या कुत्र्याने समन्सच खाल्लं होतं, त्यामुळे तारीख नीट कळली नाही म्हणे, पण तारीख न कळता तो हजर कसा झाला ते त्याला सांगता येईना. पेल्टोलाबाई शांतपणे ऐकत होत्या. ही सगळी उत्तरं त्यांना पाठ होती. हे लोक तेराव्या वर्षीही असेच होते, फक्त आता त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"मिसेस मार्लिस पेल्टोला?"

"हजर," बाई म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या.

"तुमची काही अडचण?"

"मुळीच नाही. मी आनंदाने बसेन. कितीही दिवस."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही असंच म्हणाल, असं अकरा जणांनी लिहिलंय."

"कोणी लिहिलंय?"

उत्तरादाखल लिपिकाने टेबलाखालून एक खोकं काढलं आणि वर ठेवलं. खोक्यावर शाळेचा शिक्का होता.

"गेल्या मंगळवारी मला पंच्याऐंशी पत्रं आली," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "एकवीस वर्षं मी या खुर्चीत आहे. आजवर मला नागरिकांकडून तीन पत्रं आली होती, आणि त्यातली दोन पार्किंगबद्दल होती. ही पत्रं ज्युरीतल्या एका व्यक्तीबद्दल असल्याने दोन्ही वकिलांना दाखवणं मला भाग होतं. पत्रं उत्तम आहेत. पत्ता योग्य, मायना योग्य, विनंती स्पष्ट. चौघांनी घटनेतलं कलम अचूक दिलंय. एकाने तर मला शेवटी सुचवलंय, वाचून झाल्यावर पत्रं बाईंकडे परत पाठवावीत, कारण त्यांना गुण द्यायचे आहेत."

पेल्टोलाबाई हळूच खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढून चौऱ्याऐंशी शून्यं एका ओळीत चालत गेली.

"पंच्याऐंशी?" त्या पुटपुटल्या. "मुलं चौऱ्याऐंशीच आहेत."

"एक मुख्याध्यापकांचं आहे. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत."

तोवर आरोपीचा वकील उठला होता. "माननीय न्यायाधीश, माझी या बाईंना हरकत आहे. पत्र क्रमांक सतरा. 'आमच्या बाई कोणाचंही ऐकून घेत नाहीत. दोन मुलांचं भांडण झालं की म्हणतात, सुरुवात कोणी केली याच्याशी मला कर्तव्य नाही, दोघंही बाहेर व्हा.' माझ्या अशिलाचा सगळा बचावच सुरुवात कोणी केली यावर उभा आहे!"

आरोपीने, एका दाढीवाल्या अवाढव्य माणसाने, जोरजोरात मान हलवली.

"आमचीही हरकत आहे," सरकारी वकीलबाई उठल्या. "पत्र क्रमांक बेचाळीस. 'मी निबंध सात आठवडे उशिरा दिला, वर सांगितलं की प्रिंटर बिघडला होता. बाईंना माहीत होतं की आमच्याकडे प्रिंटर नाही. तरी त्यांनी निबंध घेतला.' अशी व्यक्ती कोणाला दोषी कशी ठरवणार?"

सुनावणीत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एकमत झालं.

"तो निबंध चांगला होता," पेल्टोलाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"असेल की," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पत्रही चांगलं आहे. तेव्हा, मिसेस पेल्टोला, या खटल्यातून मी तुम्हांला मोकळं करते. पण तुमची कर्तव्यनिष्ठा मला दिसतेय. ती वाया जाऊ नये. मुलांनी नुसती तक्रार केलेली नाही, उपायही सुचवलाय. शाळा बारा जूनला संपते. त्यानंतर, इथे लिहिलंय, 'बाईंना उन्हाळाभर काहीच काम नसतं.' मी तुमचं समन्स पंधरा जूनवर ढकलते. विनंती मान्य."

आणि त्यांनी हातोडा आपटला.

शेजारचा कुत्र्यावाला माणूस बाईंकडे झुकून कौतुकाने म्हणाला, "काय सुटलात हो! मला पण सांगा ना, कोणाला सांगून लिहून घेतलंत?"

बाई खोकं काखेत मारून गाडीत बसल्या. घड्याळात सव्वादहा झाले होते. घरी गेलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. त्यांनी पाच मिनिटं तसा प्रामाणिक विचार केला. मग त्यांना टकर आठवले, वायर आठवली, आणि त्यांनी गाडी शाळेकडे वळवली.

वर्गात अंधार होता. पडद्यावर लाव्हा वाहत होता. एकतीस पानं टेबलावर जशीच्या तशी होती, आणि त्यांवर टकरांचा डबा ठेवलेला होता.

"आलात?" टकर आनंदाने म्हणाले. "बरं झालं. यांना हे सगळं माहितीये म्हणतात."

दिवे लागले. एकवीस चेहरे बाईंच्या हातातल्या खोक्याकडे बघत होते.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

ओटिस उभा राहिला, पँट वर ओढली. "बाई, तुम्हीच म्हणालात पाठवा."

"ट्रेमध्ये एकही कागद नव्हता!"

"ट्रेमध्ये ठेवलं असतं तर गेलं कसं असतं? मी चारही तुकड्यांकडून गोळा केली. ऑडेटसरांकडे गेलो, ते म्हणाले वाचू दे. त्यांनी वाचलं. मग त्यांनी मला खोकं दिलं, तिकिटं दिली, आणि," ओटिसने आवाज खाली आणला, "चॉकलेट दिलं."

"पण तुम्हांला एवढं काय पडलं होतं रे माझं?" बाईंच्या आवाजात नको असताना थोडा ओलावा आला.

वर्गाने एकमेकांकडे पाहिलं.

"पाच दिवस ज्वालामुखी, बाई," पहिल्या बाकावरून कोणी तरी म्हणालं.

"मग न्यायाधीश काय म्हणाल्या?" ओटिसने विचारलं.

"मान्य झालं," बाई म्हणाल्या.

एकदम असा काही गलका उठला की टकर दचकून उभे राहिले. मुलं बाकांवर थापा मारत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. ती बाईंसाठी नाचत नव्हती, हे बाईंना कळत होतं. सरकारने आपलं ऐकलं, यासाठी ती नाचत होती. सव्वीस वर्षं हा धडा त्या शिकवत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचा स्वतःचा त्यावर कधी फारसा विश्वास बसला नव्हता.

त्या दुपारी शेवटचा तास संपल्यावर त्यांनी खोकं उघडलं आणि वहीतली शून्यं एकेक करून खोडायला घेतली. पत्रं खरंच चांगली होती. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की बिघडलेलं कॉपीचं यंत्र फक्त बाईंनाच कळतं. ते वाचून आपण इतिहासाच्या शिक्षिका कधी होतो, असा बाईंना प्रश्न पडला. सगळ्यांत खाली एक पत्र वेगळं लावलेलं होतं. त्याला न्यायाधीशबाईंच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'हे मी न्यायालयात वाचलं नाही. खेदाने नामंजूर. चौऱ्याऐंशी विरुद्ध एक.'

पत्र मर्सी बेलांजेचं होतं.

'माननीय न्यायाधीश,' तिने लिहिलं होतं, 'बाकीचे लिहितील की बाईंना सोडा. त्यांचं ऐकू नका. बाईंना ठेवून घ्या. त्या फार दमल्यात. गुरुवारी त्यांनी मार्करने कॉफी ढवळली आणि प्यायल्या आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. ज्वालामुखी आम्ही बघू, आम्हांला काही होत नाही. आठवडा शक्य नसेल तर निदान बुधवारपर्यंत ठेवा. आपली, मर्सी बेलांजे, तिसरी तुकडी.'

पेल्टोलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पुन्हा काढला. बाहेर बर्फ पडायला लागला होता. रखवालदार बादली घेऊन दारात आला, त्याने बाईंकडे पाहिलं आणि तसाच पुढच्या वर्गाकडे गेला.

बऱ्याच वेळाने त्यांनी पत्रावर पंचवीसपैकी पंचवीस लिहिले. मग सवयीने पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, आणि त्यांच्या हाताने आपण होऊनच पंचवीसचे तेवीस केले.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मर्सी कागद घेऊन टेबलापाशी उभी राहिली. टोपी मागे होती. तिचे डोळे हिरवे आहेत, हे बाईंना मार्चमध्ये कळलं.

"दोन का कापले?"

"तारीख नाही घातलीस."

मर्सीने कागदाकडे पाहिलं. ते तिला पटलेलं दिसलं.

"मर्सी," बाई म्हणाल्या, "पत्र फार छान होतं. थँक्यू."

"काय उपयोग? हरलेच ना."

"हो. हरलीस."

"एकटीने लिहिलं ना, म्हणून." मर्सीने कागद घडी करून खिशात घातला आणि टोपी पुढे ओढली. "पुढच्या वेळी आधी मतं गोळा करते. बाई, जूनमध्ये परत बोलावलंय ना तुम्हांला?"

"पंधरा जूनला."

"मग बघते मी," मर्सी म्हणाली, आणि घंटा झाली तशी धावत सुटली.